चकतीवरचा अंगठा

बल्लारपूरच्या कोणत्याही लग्नात कमळाबाई मोहुर्ले दिसली की पोरं मांडवाच्या मागच्या बाजूने सटकत. ही बाई आहेर नंतर करायची, आधी समोरच्याला तोंड उघडायला लावायची. नवरदेव असो, नवरदेवाचा मामा असो नाहीतर भाताचं घमेलं घेऊन फिरणारा वाढपी असो, "आ कर" म्हणायचं आणि त्याची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून त्याच्याच तोंडात घालायला लावायची. तिन्ही आत गेली तर पाठीवर थाप. नाही गेली तर तिथेच, बँड वाजत असताना, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. एका नवरदेवाची दोनच बोटं गेली तेव्हा तिने हातातल्या अक्षता ताटात परत टाकल्या आणि नवरीच्या बापाला विचारलं, "जावई पाह्यला का जी तुमी, का खर्र्याची पन्नी?" लग्न काही मोडलं नाही, पण त्या घरातून तिला पुन्हा पत्रिका आली नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

खर्र्यावर तिचा एवढा दात असण्याचं कारण बल्लारपुरात सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा गोपाल कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे होता. खाणीत बिडी पेटवायची सोय नाही, एक काडी ओढली तर सगळेच जायचे. म्हणून खाली उतरणारे लोक खर्रा नेत. भाजलेल्या सुपारीचा चुरा, तंबाखू आणि बोटभर चुना. प्लास्टिकच्या पन्नीत तळहाताने रगडून रगडून घोटायचं आणि गालात दाबून बसायचं. गोपालच्या गालात ते पंधरा वर्षं बसलं. मग त्याचा जबडा आखडत गेला, तोंड पुरतं उघडेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरने त्याला आरशासमोर बसवून तीन बोटं तोंडात घालायला सांगितली. दोन गेली. पुढच्या खेपेला एकच गेलं. शेवटी कमळाबाई त्याला नळीने ताक पाजायची, आणि एक दिवस तेही उतरेना.

त्यांची लेक दिव्यानी तेव्हा दहावीत होती. एकुलती एक, हुशार, आणि लहानपणापासून धडपडी. कैऱ्या चिरताना विळीने उजव्या अंगठ्याचं पेर असं कापून घेतलं होतं की कमळाबाईला हळद दाबून दोन पदर बांधावे लागले. जखम भरली, पण वण राहिला, अंगठ्यावर तिरका, खालच्या टोकाला फुटलेला. पुढे आधारकार्डाच्या वेळी मशीन काही केल्या तो अंगठा घेईना. मशीनवाला पोट्टा वैतागून म्हणाला, "बाई, हिच्या अंगठ्यावर तर राजुऱ्याचा रस्ता आहे, फाट्यासकट." मायलेकी घरी येईपर्यंत हसत होत्या.

गोपालच्या मागे कमळाबाईला काम मिळवून दिलं ते नानाजी बोरकुटेने. नानाजी गोपालचा जिवलग, चंद्रपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर. त्याच्या शब्दावर तिला तिथे झाडणं-पुसणं आणि भांडी धुणं मिळालं. रोज सकाळची गाडी पकडून ती बल्लारपूरहून चंद्रपूरला यायची. नानाजीही खर्रा खायचा, उजळ माथ्याने, सगळ्यांच्या समोर. कमळाबाई दर पोळ्याला त्याची बोटं मोजायची आणि दरवेळी तिन्ही आरामात आत जायची. "पाह्यलं का वहिनी, तोंड आहे का बोगदा!" असं म्हणून तो हसायचा. तिला मनातून त्याचा रागच यायचा. एकाच पन्नीतला खर्रा दोघांनी खाल्ला, एक मातीत गेला आणि दुसरा दात काढून हसतो, हा कुठला न्याय, असं तिला वाटायचं.

दिव्यानी शिकत शिकत त्याच कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत संशोधनाला आली. आई जिथे फरशी पुसते तिथे लेक डॉक्टर होणार, म्हणून कमळाबाई फरशीदेखील तोऱ्यात पुसू लागली. पिंपळशेंडे सर तिचे मार्गदर्शक. काम होतं सिलिकॉनच्या चकत्यांवर. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनी, आरशासारख्या चकचकीत. त्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पेल्याच्या तळाशी बसवायच्या, वरून आम्ल आणि स्पिरिट ओतायचं आणि वीज सोडायची. ते आम्ल काचेलाही खातं, म्हणून तिथे काचेचं भांडं चालायचं नाही. पेल्याला हात लावायची कमळाबाईला सक्त मनाई होती. ती लांबून बघायची. जाड हातमोजे, तोंडावर पारदर्शक ढाल, आणि आतली आपली पोर. तिला वाटायचं, बाप कोळशात उतरायचा, ही विषात उतरते.

पहिली चकती नीट जमली त्या दुपारी दिव्यानीने आईला हाताला धरून अंधाऱ्या खोलीत नेलं. खिडक्यांना काळा कागद लावलेली ती लहानशी खोली. टेबलावर चकती, वर जांभळा दिवा. त्या दिव्याचा उजेड धड दिसतही नव्हता. पण चकती मात्र पेटली. पळसाचं फूल पेटावं तशी, केशरी, आतून.

"अवं माय!" कमळाबाई दाराला जाऊन टेकली. "आग लागली वं हिले!"

"आग नाई आई. हात लावून पाह्य, थंडगार. नाई नाई, खरंच लावू नको! पापडाहून नाजूक आहे थे."

मग दिव्यानीने समजावलं. मोबाइलच्या पोटात जे असतं ते हेच सिलिकॉन. विजेचं कोणतंही काम सांगा, करतं. पण उजेड दे म्हटलं तर देत नाही, नुसतं तापतं. त्याच सिलिकॉनला विजेने आणि आम्लाने छिद्रं पाडली, इतकी बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील, तर छिद्रांमधल्या भिंती एवढ्या पातळ होतात की त्यांच्यातून उजेड बाहेर पडतो. "दगडाचा स्पंज समज," ती म्हणाली. कमळाबाईला स्पंज समजला. उजेड समजला नाही. पण ती त्या केशरी तुकड्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्याला पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं.

दुसऱ्या एका चकतीला दोन तारा जोडल्या होत्या आणि तारा मीटरला. खोलीतल्या साध्या उजेडात ही चकती मोरपंखी हिरवी दिसत होती. "आई, इच्यावर हा कर. मोठ्ठा."

कमळाबाईने जबडा ताणून हाऽऽ केलं. मीटरवरचे आकडे धावत सुटले, आणि हिरवी चकती डोळ्यांदेखत तांबूस झाली. श्वास विरला तशी परत हिरवी, आणि आकडेही मुकाट्याने आपल्या जागी.

"तुही वाफ छिद्रात गेली," दिव्यानी म्हणाली. "रंगबी बदलला आन् वीजबी. आता हेच खाणीतल्या वाईट हवेसाठी कराचं आहे. टोपीले चकती लावली का माणसाच्या आधी तिले समजन."

ती स्वतः चकतीवर श्वास सोडायची तेव्हा ओठांचा चंबू करून फुंकर मारायची. फुंकरीने आकडा जेमतेम हलायचा. म्हणून हाऽ करायला तिला दरवेळी कोणीतरी लागे, आणि ते काम आईकडे आलं. कमळाबाई घरी सांगत फिरायची की लेकीचं संशोधन माझ्या श्वासावर चालतं.

उन्हाळा लागला आणि चकत्यांना दृष्ट लागली. अंधाऱ्या खोलीत ठेवावं तर केशरी चौकोनाच्या कडेला एक काळा डाग. जणू कोणी तेवढाच उजेड चाटून घेतला. एका चकतीला, मग दुसरीला, मग आठवड्यात तीन-चार. दिव्यानी म्हणाली, बुडबुडे चिकटत असतील. स्पिरिट वाढवलं, वीज कमी केली, पेला बदलला. डाग हटायला तयार नव्हता. त्यात बाहेरून समिती येणार होती. काम बघून पुढच्या दोन वर्षांची फेलोशिप चालू ठेवायची की नाही ते ठरवणार होती. फेलोशिप गेली तर संशोधन गेलंच. पोर जेवेना. तिखट तर तिने केव्हाचं सोडलं होतं, ॲसिडिटी आहे म्हणायची. ठेच्यावर जीव टाकणारी दिव्यानी दूधभात खायला लागली. स्टेशनबाहेर गुपचूपवाल्याकडे पाणीपुरी खायला उभी राहिली तरी प्रत्येक पुरी आधी बोटांनी चुरायची आणि मग तुकडे तुकडे खायची. कमळाबाई म्हणायची, शिकलेल्या पोरींचे नखरे. पण तिला ते आवडायचंसुद्धा. पोर नीटनेटकी होती. पर्समध्ये दात घासायचा ब्रश ठेवायची, दिवसातून चारदा घासायची.

पिंपळशेंडे सर फार बोलणारे नव्हते. एका सकाळी त्यांनी सगळ्या डागी चकत्या ओळीने मांडल्या आणि बघत राहिले. मग म्हणाले, "डाग कायम कडेलाच का? बुडबुडा कुठेही बसेल. कडेला काय होतं?"

कडेला अंगठा लागतो. वाळलेली चकती चिमट्याने उचलायची, काचपट्टीवरच्या चिकटपट्टीवर ठेवायची आणि एका कडेला अलगद दाबायची. हे काम दोघंच करत, दिव्यानी आणि नानाजी.

सर नानाजीकडे वळले. "नानाजी, तुमची चुन्याची डबी द्या बरं."

नानाजीने भाबडेपणाने खिशातून डबी काढून दिली. सर सगळ्यांना घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. काडीच्या टोकावर ओला चुना घेतला आणि पेटलेल्या एका चकतीला टेकवला. बारीक बुडबुडे आले, साबणाच्या फेसासारखे. मग जिथे काडी टेकली होती तिथला केशरी उजेड मिणमिणत विझला. काळा डाग. अगदी तसाच.

"क्षार," सर म्हणाले. "चुना म्हणजे क्षार. चांगलं घट्ट सिलिकॉन त्याला दाद देत नाही. पण हे असं पोकळ झालेलं असलं की विरघळून जातं. बोटाला लागलेला नखभर चुनाही पुरे."

कमळाबाई त्या काळ्या ठिपक्याकडे डोळे फाडून बघत होती. चुना. तोच चुना. तिच्या नवऱ्याचा गाल खाऊन त्याचं पोट भरलं नव्हतं, आता लेकीचा उजेड खायला आला होता. ती जी सुटली ती कोणाला आवरेना.

"नानाजीभाऊ! लाज नाई वाटत? पोरीच्या ताटात माती कालवून राह्यले!"

"वहिनी, मी चकतीले हात लावाच्या आंधी मोजे घालतो. इचार पोरीले."

"मोजे घालून खर्रा घोटता का?"

नानाजीने उजवा हात पुढे केला. "माहा अंगठा तरी पाह्य एकडाव. पाह्य ना वं."

तिने तो हात झटकला. "काय पाहू? याच अंगठ्यानं माह्या माणसाले घोटघोट घोटून देत होता ना? थ्याले खाल्लं, आता थ्याच्या पोरीले खा!"

नानाजीचा हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो खिशात घातला. त्याने एकदा दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानी खाली मान घालून उभी होती. आपली पोर मनाने हळवी आहे, म्हाताऱ्याची कीव करते, असं कमळाबाईला वाटलं. नानाजी बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटकाजवळच्या सायकल स्टँडवर बसवलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस आता गाड्यांना टोकन देत बसला. येता-जाता तो दिसला की कमळाबाई मान फिरवायची.

आणि डाग गेले. पुढच्या साऱ्या चकत्या निर्मळ, कडेपासून कडेपर्यंत पेटणाऱ्या. "म्हणलं होतं ना मी," असं कमळाबाई गाडीत भेटेल त्या बाईला सांगायची. "दिव्याखाली अंधार. घरातल्यावानी माणूस, आन् त्यानंच केलं!" इतकं खरं बोलून गेलेल्या माणसाला आपण काय बोललो ते कळू नये, याचं कोणालाही वाईट वाटेल.

समिती दुपारी येणार होती. कमळाबाई रोजच्यापेक्षा आधीची गाडी पकडून आली. दिव्यानी आदल्या दिवशीपासून मैत्रिणीकडे चंद्रपुरातच थांबली होती. सरांच्या खोलीत काहीतरी टाइप करत बसली होती. पाहुण्यांच्या खुर्च्या पुसून झाल्यावर कमळाबाई अंधाऱ्या खोलीत शिरली. दिवा लागतो की नाही तेवढं बघून ठेवा, असं सरांनी सांगितलं होतं. दिव्याखाली काल संध्याकाळी बनवलेल्या ताज्या चकत्या रांगेने मांडल्या होत्या. तिने दार लावलं, बटण दाबलं.

सगळ्या पेटल्या. आणि शेवटच्या चकतीवर अंगठा होता.

या वेळी डाग नव्हता, नुसता फरकाटाही नव्हता. केशरी उजेडावर काळा अंगठा उठला होता, तहसीलमधल्या कागदावर उठतो तसा, एक-एक रेघ मोजावी असा. आधी तिच्या मनात शिवी आली ती नानाजीसाठीच. मग तिला आठवलं की नानाजीला या खोलीचा उंबरा ओलांडून कितीतरी दिवस झाले. आणि नानाजीचा अंगठा? खाणीच्या ट्रॉलीखाली सापडून लहानपणीच पळीसारखा चपटा झालेला. त्या अंगठ्याला रेघा होत्याच कुठे? त्या अंगठ्याचा डाग पसरट उठला असता, तो हात पुढे करून हेच दाखवत होता. आणि आपण बघितला नाही.

हा अंगठा बारीक होता. बाईचा. त्यावरून एक तिरकी केशरी रेघ गेली होती, जिथे कातडी चकतीला टेकलीच नव्हती. खालच्या टोकाला रेघेला फाटा फुटला होता.

राजुऱ्याचा रस्ता.

कमळाबाईने दिवा बंद केला. अंधारात उभी राहिली. मग परत लावला, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं दिसेल. रस्ता तिथेच होता. हळद दाबून तिने जो अंगठा बांधला होता, त्याच अंगठ्याला चुना. माझ्या पोरीच्या. माझ्या.

मग एक-एक गोष्ट आपणहून उठून तिच्यासमोर उभी राहायला लागली. ब्रश. दिवसातून चारदा कोण दात घासतं? फुंकर, ओठांचा चंबू करून. चुरलेलं गुपचूप. आणि तिखट. गोपालचंही तिखटापासूनच सुरू झालं होतं. ठेचा झोंबतो म्हणून त्याने ताट सरकवलं होतं, आणि ती त्याच्यावर चिडली होती की एवढीशी मिरची टाकली तर काय मेलास का. हे सगळं तिला पाठ होतं. अख्ख्या बल्लारपूरची तोंडं तपासली तिने. व्याह्यांची, वाढप्यांची, बँडवाल्यांची. रोज आपल्या शेजारी बसून जेवणारं तोंड तेवढं राहिलं. पोरगी आहे, बाप डोळ्यांसमोर गेला आहे, ती कशाला शिवेल खर्र्याला, असंही तिच्या मनात कधी आलं नाही. काहीच मनात आलं नाही, एवढंच खरं.

आणि सरांनी चुना लावून दाखवला त्या दिवशीच पोरीला कळलं होतं. म्हणून तर डाग थांबले. हात घासून घासून धुवत असेल. काल धीर सुटला, घाईत हात धुवायचे राहिले. तिला कळलं होतं, तरी तिने मान खाली घालून नानाजीला जाऊ दिलं.

ती कशी फाटकापर्यंत आली ते तिला आठवत नव्हतं. नानाजी स्टूलवर बसून पन्नी घोटत होता. तिला पाहून त्याने पन्नी खिशात कोंबली. इतक्या वर्षांत त्याने तिच्यापासून कधी लपवली नव्हती.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

एक पोरगा गाडी लावून टोकन घेऊन गेला. "पानठेल्यावर पाह्यली होती," तो म्हणाला. "एकडाव नाई वहिनी, कितीक डाव. मले पाहून ओढणी तोंडावर घ्याची."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणत्या तोंडानं सांगू? गोपालले घोटून देणारा मीच ना. तूच म्हणली. खरंच म्हणली." त्याने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "मी पोरीले म्हणलं, सोड वं माय. थे म्हणे, काका, रातभर मीटरपाशी जागावं लागते, झोप येते. समिती होऊ द्या, सोडतो. म्हणलं, होऊ देऊ समिती."

कमळाबाईला त्याचा हात धरायचा होता. माफी मागायची होती, पायावर डोकं ठेवायचं होतं. पण ती वळली आणि परत निघाली.

दिव्यानी प्रयोगशाळेत मीटरच्या तारा सरळ करत होती. नवा पिवळा कुर्ता, केस नीट बांधलेले, तोंडाला पेपरमिंटचा वास. "आई, कुठी होती तू? पाव्हणे चंद्रपुरात शिरले म्हणून फोन आला. दिवा पाह्यला का?"

"पाह्यला," कमळाबाई म्हणाली. "इकडं ये."

तिने तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लोटलं, बटण दाबलं. शेवटच्या चकतीकडे बोट केलं. दिव्यानीने पाहिलं. तिने आपला उजवा हात हळूच पाठीमागे नेला, कैरी चिरताना कापलं होतं तेव्हा आईपासून लपवायला नेला होता, तसाच.

"आई, हे आता नको," ती पुटपुटली. "मी सांगतो तुले सगळं. समिती गेल्यावर. आई, पाया पडतो."

"काढून टाक थे चकती. बाकीच्या निर्मळ आहेत. समितीले दाखव तुही फुलं." कमळाबाईचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "नानाजीभाऊचं काय थे तू सरापाशी जाऊन सांगशीन. आजच. आता तोंड उघड."

"आई..."

"उघड म्हणतो ना."

"काही नाई झालं मले. मी थोडंसंच खातो. बाबासारखं नाई आई, खरंच, बाबा तर..."

"आ कर, दिव्या."

दिव्या. शाळेत घालताना हाक मारायची ती. पोरीने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जांभळ्या दिव्यात तिचे दात निळसर पांढरे चमकले, चारदा घासलेले, स्वच्छ. बाहेर फाटकाशी गाड्या थांबल्याचा आवाज आला, आणि नानाजी कोणाला तरी "या साहेब, इकडून या" म्हणताना ऐकू आला.

दुसऱ्यांच्या तोंडात ती दुसऱ्यांचीच बोटं घालायला लावायची. आज तिने आपलीच उभी केली, एकावर एक. ओठांवर लेकीची ऊन वाफ लागली. पहिलं बोट आत गेलं. दुसरं गेलं. पोरीने जबडा ताणला, मानेच्या शिरा वर आल्या, मिटल्या डोळ्यांतून पाणी सुटलं.

तिसरं बोट दातांवर अडलं. कमळाबाईने ते काढलं आणि पुन्हा एकदा घालून पाहिलं.